ज्यांना धोका जास्त, तेच अभ्यासात का नाहीत? अमेरिकेतले कृष्णवर्णीय पुरुष आणि डिमेन्शिया

२०२३ च्या जुलैमध्ये अमेरिकेत लेकॅनेमॅब या औषधाला पूर्ण मान्यता मिळाली. अल्झायमरची चाल थोडी का होईना मंदावते, असं दाखवू शकलेल्या मोजक्या औषधांपैकी हे एक. त्याच्या मुख्य चाचणीत १,७९५ रुग्ण होते. त्यांत कृष्णवर्णीय होते जेमतेम अडीच टक्के. आता दुसरा आकडा शेजारी ठेवून पाहा. शिकागोत वर्षानुवर्षं चाललेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार, पासष्टी ओलांडलेल्या गोऱ्या अमेरिकनांपैकी सुमारे १० टक्क्यांना अल्झायमरचा डिमेन्शिया असतो. कृष्णवर्णीयांत हेच प्रमाण सुमारे १९ टक्के आहे.

म्हणजे ज्यांच्या घरात हा आजार जवळपास दुपटीने येतो, त्यांच्यावर औषध तपासलंच गेलं नाही म्हणावं अशी स्थिती. त्यातही पुरुषांची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेतल्या स्मृतीविषयक अभ्यासांत जे थोडे कृष्णवर्णीय सहभागी असतात, त्यांत बायका पुष्कळ आणि पुरुष फार कमी असतात. हे असं का झालं आणि ते बदलायला काय लागतं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. कारण ‘त्या लोकांचा विज्ञानावर विश्वास नाही’ हे जे उत्तर चटकन दिलं जातं, ते अपुरं आहे आणि अन्यायाचंही आहे.

आधी आजाराबद्दल थोडं. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून आपण जे हसण्यावारी नेतो, ते आणि डिमेन्शिया या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, हे वयाचं लक्षण असू शकतं. रोजच्या रस्त्यावरून घरी येताना वाट चुकणं, आयुष्यभर सांभाळलेला पैशांचा हिशेब अचानक जमेनासा होणं, स्वभावच बदलून जाणं, हे मेंदूच्या आजाराचं लक्षण असू शकतं. डिमेन्शिया हे अशा अवस्थेचं नाव आहे आणि तिची कारणं अनेक आहेत. सर्वांत मोठं कारण अल्झायमर. त्यात अमायलॉइड आणि टाऊ ही प्रथिनं मेंदूत साठत जातात. दुसरं मोठं कारण म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब होणं. वयस्कर माणसाच्या मेंदूत बहुतेकदा या दोन्ही गोष्टी एकत्रच सापडतात.

हा दुसरा धागा इथे फार महत्त्वाचा आहे.

मेंदूच्या खोल भागाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या अगदी बारीक असतात. पाटाच्या शेवटच्या टोकाला असलेल्या वाफ्याला जसं पाणी पोचलं तर पोचलं, तशी या भागाची अवस्था. वर्षानुवर्षं रक्तदाब वाढलेला राहिला की या बारीक नळ्यांच्या भिंती जाड होतात, कडक होतात, आणि टोकाचा भाग हळूहळू वाळत जातो. माणसाला त्याचा पत्ता लागत नाही. चाळिशीतल्या बीपीची किंमत सत्तरीत मोजावी लागते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांत उच्च रक्तदाबाचं प्रमाण जगातल्या सर्वांत जास्त प्रमाणांपैकी आहे आणि तो लवकरच्या वयात सुरू होतो. मधुमेह, स्ट्रोक आणि किडनीचे विकारही त्यांच्यात जास्त.

यात त्वचेच्या रंगाचा हात किती आणि जगण्याच्या परिस्थितीचा किती? अलाबामा विद्यापीठाच्या पुढाकाराने ४५ वर्षांवरच्या तीस हजारांहून जास्त कृष्णवर्णीय आणि गोऱ्या अमेरिकनांचा एक मोठा अभ्यास २००३ पासून चालू आहे. २०१८ मध्ये त्यातून असं दिसलं, की कृष्णवर्णीय पुरुषांना गोऱ्या पुरुषांपेक्षा रक्तदाब जडण्याचा जो जास्तीचा धोका आहे, त्याचा निम्मा वाटा दक्षिणेकडच्या आहाराशी जोडलेला आहे. तळलेलं, प्रक्रिया केलेलं मांस, गोड पेयं असा तो आहार. तो आहार अंगवळणी का पडला, याला गरिबी, गुलामगिरीपासून चालत आलेली खाण्याची घडी आणि ताजी भाजी जवळपास मिळतच नाही अशा वस्त्या, अशी कारणं आहेत. माणसाच्या रक्तात काही उपजत खोट असल्याचं यातून दिसत नाही.

शिक्षणाचंही तसंच. लहानपणी चांगलं शिक्षण मिळालेल्यांना उतारवयात डिमेन्शियाचा धोका कमी असतो, हे अनेक देशांत दिसलं आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधलं वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवलं ते १९५४ मध्ये. प्रत्यक्षात दक्षिणेतल्या शाळा एकत्र यायला पुढे कितीतरी वर्षं गेली. आज ऐंशीच्या घरात असलेल्या कृष्णवर्णीय माणसाने आपलं प्राथमिक शिक्षण बहुधा वेगळ्या, कमी पैशांच्या, कमी दिवस भरणाऱ्या शाळेत घेतलेलं आहे. तो फरक त्याच्या मेंदूत आजही मोजता येतो.

मोजपट्टीच वाकडी असेल तर

स्मृतीची चाचणी घेताना शाळेचा हा मुद्दा मोठी अडचण उभी करतो. शब्दांची यादी लक्षात ठेवा, आकडे उलटे म्हणा, चित्र पाहून पुन्हा काढा, अशा चाचण्यांचे गुण शिक्षणावर बरेच अवलंबून असतात. ज्याला धड शाळा मिळाली नाही, त्याला निरोगी असूनही कमी गुण पडू शकतात आणि त्याच्यावर डिमेन्शियाचा शिक्का बसू शकतो. हे टाळायला तज्ज्ञांनी एक तोडगा काढला होता. कृष्णवर्णीय माणसाचे गुण कृष्णवर्णीयांच्याच सरासरीशी ताडून पाहायचे. हेतू चांगला होता, पण त्यात शाळेच्या दर्जाऐवजी वंश मोजला गेला. कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधक जेनिफर मॅनली यांनी दाखवून दिलं, की वाचनाची पातळी, म्हणजे प्रत्यक्षात मिळालेल्या शिक्षणाचा दर्जा, लक्षात घेतला की गुणांमधला वांशिक फरक बराच कमी होतो. मोजायचं होतं ते हे.

वंश मोजल्याने काय होतं, याचं सर्वांत जळजळीत उदाहरण अमेरिकन फुटबॉलचं आहे. हेल्मेट घालून एकमेकांवर आदळणारा हा खेळ. डोक्याला वारंवार मार बसल्याने निवृत्त खेळाडूंना स्मृतीचे विकार होत असल्याचं पुढे आलं आणि नॅशनल फुटबॉल लीगला खेळाडूंसाठी मोठा भरपाई करार करावा लागला. लीगमधले बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय. भरपाईसाठी मेंदूची क्षमता किती घटली ते तपासताना हाच वंशनिहाय हिशेब वापरला जात होता. कृष्णवर्णीय खेळाडूची क्षमता मुळातच कमी होती असं धरायचं, म्हणजे तेवढ्याच गुणांवर गोरा खेळाडू आजारी ठरे आणि कृष्णवर्णीय खेळाडू ठणठणीत. केविन हेन्री आणि नाजे डॅव्हनपोर्ट या दोन माजी खेळाडूंनी २०२० मध्ये याविरुद्ध दावा लावला. २०२१ मध्ये लीगने ही पद्धत थांबवण्याचं मान्य केलं आणि २०२२ च्या मार्चमध्ये न्यायालयाने बदललेल्या करारावर शिक्कामोर्तब केलं.

हे १९२२ सालचं नाही, २०२२ सालचं आहे. म्हणून जेव्हा कोणी म्हणतं की अविश्वास हा जुन्या इतिहासाचा परिणाम आहे, तेव्हा मला ते पटत नाही. इतिहास जुना आहेच, पण त्याची पानं अजून भरतच आहेत.

टस्कीगी

तो जुना इतिहासही पूर्ण सांगायला हवा, कारण त्याचा उल्लेख नेहमी एका वाक्यात उरकला जातो आणि मुख्य गोष्ट निसटते.

अलाबामा राज्यातल्या मेकन काउंटीत, टस्कीगी गावाच्या परिसरात, १९३२ मध्ये अमेरिकेच्या सरकारी आरोग्य खात्याने एक अभ्यास सुरू केला. सिफिलिस, म्हणजे गरमीचा रोग, उपचार न करता सोडून दिला तर शरीरात काय काय करतो ते पाहण्यासाठी. ६०० कृष्णवर्णीय पुरुष निवडले गेले, बहुतेक गरीब शेतमजूर आणि बटाईने जमीन कसणारे. त्यांतल्या ३९९ जणांना हा रोग होता, २०१ जणांना नव्हता. एक गैरसमज इथेच दूर करतो. या माणसांना सरकारने रोग टोचला नव्हता. रोग होता, तो त्यांना सांगितला नाही. ‘तुमचं रक्त बिघडलंय’ एवढंच सांगितलं. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात पेनिसिलिन हा खात्रीचा उपचार झाला, तरी तो त्यांना दिला नाही. दुसऱ्या महायुद्धात सैन्यभरतीच्या तपासणीत त्यांचा रोग उघड होऊन उपचार सुरू होतील, म्हणून त्यांना त्यातून वगळायची व्यवस्थाही करण्यात आली. हे चाळीस वर्षं चाललं. पीटर बक्स्टन या आरोग्य खात्याच्याच माजी कर्मचाऱ्याने माहिती बाहेर काढली, जुलै १९७२ मध्ये ती वर्तमानपत्रांत आली, आणि मग अभ्यास बंद झाला.

आता यातले दोन तपशील पाहा. संशोधकांना या पुरुषांच्या मणक्यातलं पाणी तपासायचं होतं. ती सुई दुखते, लोक येणार नाहीत, म्हणून त्यांना पत्र गेलं की खास मोफत उपचारांची ही शेवटची संधी आहे. तो उपचार नव्हता, तपासणी होती. दुसरं, मृत्यूनंतर शवविच्छेदन करता यावं म्हणून कुटुंबांना अंत्यविधीच्या खर्चाचं आमिष दाखवलं गेलं. गरीब माणसाला आपली माती नीट व्हावी ही केवढी मोठी गोष्ट वाटते, ते आपल्याकडेही वेगळं सांगायला नको.

आणि आज डिमेन्शियाच्या अभ्यासात काय काय मागतात? रक्त. मणक्यातलं पाणी, कारण त्यात अमायलॉइड आणि टाऊ मोजता येतात. आणि शक्य असेल तर मृत्यूनंतर मेंदूचं दान, कारण नेमका कोणता आजार होता हे पूर्ण खात्रीने तेव्हाच कळतं. या तिन्ही मागण्यांना आज शास्त्रीय कारण आहे, सुरक्षिततेचे नियम आहेत, लेखी संमती आहे. पण अलाबामातल्या एखाद्या पंचाहत्तरीच्या गृहस्थाच्या कानावर त्या पडतात तेव्हा त्या नव्या नसतात. त्याच्या काकाकडे, आजोबांच्या मित्राकडे कोणी तरी आधी हेच मागून गेलेलं असतं. तो का कचरतो याला अडाणीपणा म्हणणं चूक आहे. त्याच्याजवळ माहिती आहे, आणि ती खरी आहे.

मार्सेला अल्सान आणि मेरियन वानामेकर या दोन अभ्यासकांनी २०१८ मध्ये याचा हिशेब मांडला. टस्कीगी उघड झाल्यावर वयस्कर कृष्णवर्णीय पुरुषांचं डॉक्टरकडे जाणं घटलं, आणि पंचेचाळिशीतल्या कृष्णवर्णीय पुरुषाचं अपेक्षित उरलेलं आयुष्य त्यामुळे जवळपास दीड वर्षापर्यंत कमी झालं, असा त्यांचा अंदाज आहे. म्हणजे त्या अभ्यासाने मेकन काउंटीच्या बाहेरच्या, कधीही त्यात नसलेल्या माणसांचंही आयुष्य खाल्लं. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी देशाच्या वतीने माफी मागितली ती १६ मे १९९७ रोजी. तोवर हयात उरलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती.

विचारलं तर येतात

एवढं सगळं वाचल्यावर वाटेल, की हे पुरुष संशोधनाला नकार देतात यात नवल काय. पण इथेच गोष्ट वळण घेते. २००६ मध्ये वीस संशोधनांतल्या सत्तर हजारांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. प्रश्न साधा होता: प्रत्यक्ष विचारल्यावर कोण ‘हो’ म्हणतं? कृष्णवर्णीय आणि गोऱ्यांच्या होकारात अगदी थोडा फरक निघाला. कमी पडत होतं ते विचारणं.

स्मृतीच्या अभ्यासात माणसं येतात कुठून? मोठ्या विद्यापीठाच्या स्मृतिचिकित्सालयातून. तिथे पोचायला आधी घरच्या डॉक्टरने चिठ्ठी द्यायला हवी, त्याआधी निदान व्हायला हवं. कृष्णवर्णीयांत डिमेन्शियाचं निदान उशिरा होतं, बरेचदा आजार पुढे गेल्यावर. आणि चाचण्यांना हवे असतात सुरुवातीच्या टप्प्यातले रुग्ण.

दारापर्यंत पोचला, तरी आत एकामागून एक चाळण्या आहेत. मधुमेह आटोक्यात नाही, नको. स्ट्रोक येऊन गेलाय, नको. किडनी बरोबर चालत नाही, नको. रुग्णाच्या सुरक्षेसाठी यातल्या काही अटी लागतातच, पण त्यांचा एकत्र परिणाम असा होतो की ज्या समाजात हे विकार जास्त, तोच बाहेर पडतो. लेकॅनेमॅबच्या चाचणीत आलेले बरेच कृष्णवर्णीय इच्छुक मेंदूच्या स्कॅनमध्ये पुरेसं अमायलॉइड न दिसल्याने वगळले गेले. विसरणं खरं होतं, आजार खरा होता, पण त्या औषधाच्या साच्यात बसणारा नव्हता. त्यांच्या विसरण्यामागे रक्तवाहिन्यांचा वाटा जास्त असेल का, हा प्रश्न त्यामुळे अधिकच निकडीचा होतो.

पुरुषांना अडवणारी आणखी एक अट आहे, जी कागदावर फार निरुपद्रवी दिसते. जवळजवळ प्रत्येक अल्झायमर चाचणीत रुग्णासोबत एक ‘सोबती’ लागतो. रुग्णाला रोज पाहणारं, दर भेटीला येणारं, प्रश्नांची उत्तरं देणारं माणूस. ज्याची बायको घरी आहे आणि निवृत्त आहे त्याला हे सोपं. ज्याची मुलगी दोन नोकऱ्या करते, जो एकटा राहतो, त्याला हे अवघड. भेटी असतात कामाच्या दिवशी, कामाच्या वेळात. तासावर मजुरी मिळणाऱ्या घराला अर्धा दिवस म्हणजे अर्धा पगार. गाडीभाडं, पार्किंग, सोबत्याचा बुडालेला रोज यांचे पैसे अभ्यासाने द्यावेत ही मागणी त्यामुळे मला मुळीच किरकोळ वाटत नाही.

संशोधक समाजात जायचं म्हणतात तेव्हा ते बहुतेकदा चर्चमध्ये जातात. चर्च हा कृष्णवर्णीय समाजाचा कणा आहे हे खरंच. जून महिन्याच्या दुसऱ्या रविवारी अनेक कृष्णवर्णीय चर्चमध्ये ‘मेमरी संडे’ पाळतात आणि त्या दिवशी स्मृतीच्या आजारांवर बोलतात. फार चांगला उपक्रम. पण बाकांवर बायका जास्त असतात, तशाच मग अभ्यासातही त्या जास्त येतात. पुरुष भेटायचे तर जागा दुसऱ्या आहेत: बार्बरशॉप, माजी सैनिकांचे अड्डे, कृष्णवर्णीय पुरुषांच्या जुन्या बंधुसंघटना, कामगार संघटना.

बार्बरशॉपची ताकद एका अभ्यासाने आकड्यांत दाखवली. लॉस एंजेलिसमध्ये रोनाल्ड व्हिक्टर या हृदयरोगतज्ज्ञाने ५२ बार्बरशॉपमधल्या ३१९ कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांना घेतलं, सगळ्यांचा वरचा रक्तदाब १४० च्या पुढे. अर्ध्या दुकानांत न्हावी नुसतं सांगत, डॉक्टरकडे जा, जीवनशैली बदला. उरलेल्या दुकानांत प्रशिक्षित फार्मासिस्ट स्वतः येऊन बसत, बीपी मोजत, औषध सुरू करत, मात्रा बदलत. सहा महिन्यांनी पहिल्या गटात वरचा आकडा सुमारे ९ अंकांनी उतरला होता, दुसऱ्या गटात २७ अंकांनी. एवढी घसरण मोठ्या रुग्णालयांनाही सहज जमत नाही. २०१८ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

याचा मेंदूशी संबंध काय, तर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या मोठ्या चाचणीत पन्नाशीपुढच्या नऊ हजारांहून जास्त लोकांचा वरचा रक्तदाब काहींत १४० च्या खाली तर काहींत १२० च्या खाली ठेवला होता. १२० वाल्या गटात स्मृती आणि विचारशक्तीची सौम्य घट, म्हणजे डिमेन्शियाच्या आधीची पायरी, सुमारे १९ टक्क्यांनी कमी दिसली. डिमेन्शियातही घट दिसली, पण ती खात्रीने सांगता येण्याइतकी स्पष्ट नव्हती. त्या चाचणीत जवळपास ३० टक्के सहभागी कृष्णवर्णीय होते. मनावर घेतलं की जमतं, हे त्यातून दिसतं.

डॉक्टर कोण आहे

अल्झायमरच्या संशोधनाच्या अगदी उगमापाशी एक कृष्णवर्णीय माणूस उभा आहे आणि त्याचं नाव फार थोड्यांना माहीत आहे. सॉलोमन कार्टर फुलर. जन्म १८७२, लायबेरिया. आजोबा व्हर्जिनियात गुलाम होते, त्यांनी स्वतःचं स्वातंत्र्य विकत घेतलं होतं. फुलर अमेरिकेत डॉक्टर झाले आणि १९०४-०५ मध्ये म्युनिकला खुद्द अलोइस अल्झायमर यांच्या प्रयोगशाळेत शिकले. परत येऊन मॅसॅच्युसेट्समधल्या मनोरुग्णालयात त्यांनी मेंदूचे नमुने तपासले आणि १९१२ मध्ये तोवर नोंदल्या गेलेल्या अल्झायमर रुग्णांचा पहिला सविस्तर आढावा प्रसिद्ध केला. बोस्टन विद्यापीठात त्यांनी कितीतरी वर्षं शिकवलं. १९३३ मध्ये त्यांच्याहून कनिष्ठ गोऱ्या सहकाऱ्याला विभागप्रमुख केल्यावर ते बाहेर पडले.

त्यानंतरच्या काळात परिस्थिती किती सुधारली? अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांत १९७८ मध्ये ५४२ कृष्णवर्णीय पुरुषांनी प्रवेश घेतला होता. २०१४ मध्ये ५१५. छत्तीस वर्षांत आकडा वाढण्याऐवजी घटला.

याचा परिणाम तपासायला कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये अल्सान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. बार्बरशॉप आणि जुन्या बाजारांतून कृष्णवर्णीय पुरुषांना दवाखान्यात बोलावलं. कोणाला कृष्णवर्णीय डॉक्टर मिळाला, कोणाला दुसऱ्या वंशाचा. भेटीआधी नुसता फोटो पाहून तपासण्या निवडायला सांगितल्या तेव्हा फरक दिसला नाही. डॉक्टरशी प्रत्यक्ष बोलणं झाल्यावर मात्र कृष्णवर्णीय डॉक्टर भेटलेल्यांनी जास्त तपासण्या करून घेतल्या, विशेषतः सुई टोचावी लागते अशा. फोटोने जे झालं नाही ते गप्पांनी झालं.

ओकलंडचं नाव मराठी वाचकाला अनोळखी नसावं. १९६६ मध्ये ब्लॅक पँथर पार्टी तिथेच उभी राहिली, आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने नाव घेतलं ते तिच्याकडून. त्या पार्टीची बंदूक आपल्याकडे लक्षात राहिली, पण तिने वस्त्या-वस्त्यांत मोफत दवाखाने चालवले आणि कृष्णवर्णीयांमध्ये जास्त आढळणाऱ्या सिकल सेल या रक्तविकाराच्या तपासणीची मोहीम काढली, हे फारसं सांगितलं जात नाही. आपल्या आरोग्याची माहिती आपल्याच माणसांच्या हाती असावी, हा आग्रह तेव्हाचा आहे. पोर्टलंडमध्ये रेना क्रॉफ या संशोधक आजही काहीसं तसंच काम करतात. कृष्णवर्णीय ज्येष्ठ तिघातिघांच्या गटाने आपल्या जुन्या, आता श्रीमंतांनी विकत घेतलेल्या वस्त्यांतून चालतात, वाटेत जुने फोटो पाहतात, आठवणी सांगतात. व्यायाम, गप्पा आणि स्मरणाला चालना, तिन्ही एकदम. शिवाय वस्तीचा इतिहास नोंदला जातो, म्हणजे संशोधनातून समाजाच्या हाती लगेच काहीतरी पडतं.

यांच्याविना विज्ञानाचं काय अडतं

बरंच काही. अपोई-चार हा जनुकाचा प्रकार अल्झायमरचा धोका वाढवतो हे सर्वत्र सांगितलं जातं. पण ते प्रमाण मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून काढलेलं आहे. आफ्रिकी वंशाच्या लोकांत त्याचा परिणाम सौम्य असतो. उलट एबीसीए-सात या दुसऱ्या जनुकाचा संबंध कृष्णवर्णीय अमेरिकनांत जास्त ठळक असल्याचं २०१३ मध्ये दिसलं. एकाच समाजाचं रक्त तपासत राहिलो तर असा दुवा हाती लागलाच नसता.

मे २०२५ मध्ये अमेरिकेने अल्झायमरच्या निदानाला मदत करणाऱ्या पहिल्या रक्तचाचणीला मान्यता दिली. महागडं स्कॅन आणि मणक्यातली सुई टाळता येईल, म्हणून ही मोठी बातमी. पण रक्तातल्या टाऊची पातळी किडनी कमी चालत असेल तरी वाढलेली दिसते, आणि वजनानेही ती बदलते. किडनीचे विकार जास्त असलेल्या समाजातली पुरेशी माणसं तपासल्याशिवाय कोणता आकडा धोक्याचा मानायचा हे ठरवलं, तर फुटबॉल खेळाडूंच्या बाबतीत झालं तशी चूक पुन्हा होऊ शकते, या वेळी रक्ताच्या बाटलीत.

भारतालाही हा प्रश्न लागू आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार साठीपुढच्या भारतीयांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. मधुमेह आणि बीपी आपल्याकडेही घरोघरी, आणि जगातल्या जनुकीय माहितीत आपला वाटाही तुटपुंजा. अमेरिकेत डॉक्टरकी आणि औषध संशोधन करणारी मराठी माणसं पुष्कळ आहेत; चाचणीच्या अटी लिहिणाऱ्या टेबलावर त्यांतले काही बसतातही. २०२५ मध्ये तिथे आरोग्यातल्या विषमतेवरच्या अनेक संशोधनांचं सरकारी अनुदान थांबवलं गेलं. अशा वेळी त्या टेबलावरच्या प्रत्येक माणसाने हा मुद्दा लावून धरणं मला फार गरजेचं वाटतं.

एखाद्याने काय करावं

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाचे १४ असे धोके मोजले जे बदलता येतात, आणि जगातल्या सुमारे ४५ टक्के डिमेन्शियाचा संबंध त्यांच्याशी जोडला. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, तंबाखू, दारू, बैठी जीवनशैली, नैराश्य, एकटेपणा, डोक्याला मार हे त्यांतले. आणि ज्यांकडे पुरुष हमखास दुर्लक्ष करतात ते दोन, कमी ऐकू येणं आणि कमी दिसणं. चाळिशीतल्या पुरुषाने यातलं एकच करायचं असेल तर बीपी मोजावं आणि वाढलं असेल तर औषध नियमित घ्यावं. अभ्यासात जायला आजारी असावं लागत नाही; कितीतरी अभ्यासांना निरोगी माणसंच हवी असतात, तुलनेसाठी आणि पुढची वर्षं पाहण्यासाठी.

कोणी अभ्यासात यायला सांगितलं तर विचारायचे प्रश्न बिनधास्त विचारावेत. पैसे कोण देतंय? मला औषध मिळेल की नुसती निरीक्षणं होतील, आणि औषध असेल तर नकली गोळी मिळण्याची शक्यता किती? माझे रिपोर्ट मला मिळतील का? बीपी किंवा साखर वाढलेली निघाली तर पुढे कोण पाहणार? माझं रक्त आणि स्कॅन कोण वापरेल, किती वर्षं? काही इजा झाली तर खर्च कोणाचा? उत्तरं लेखी मागावीत, कागद घरी नेऊन मुलाबाळांना दाखवावेत. टस्कीगी उघड झाल्यावर १९७४ मध्ये अमेरिकेत संशोधनाचा कायदा आला, आणि संमतीचे आजचे नियम त्यातून घडले. त्यानुसार सहभागी माणूस कोणत्याही टप्प्यावर बाहेर पडू शकतो, आणि तसं केल्याने त्याचे एरवीचे उपचार किंवा लाभ कोणी थांबवू शकत नाही.